माहेरी परत आलेली मोटार

तमाम लहानथोर मंडळींस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या या धानाच्या मुलखात आजवर जे सूड घेतले गेले, त्यांतला सर्वांत थोर सूड तलवारीने, विषाने किंवा कोर्टकचेरीने घेतला गेला नाही. तो लाकडाच्या भुशाने घेतला गेला. सूड घेणाऱ्या बाईंचे नाव सगुणाबाई मालगुजारीण. मंडळींनी शांत बसावे, विड्या बाहेर ओढाव्यात आणि रडणारी लेकरे मागच्या बाजूला न्यावीत. पडदा वर जात आहे.

अशी सुरुवात केल्याशिवाय माझ्या तोंडून गोष्ट निघत नाही, त्याला इलाज नाही. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी आणि त्या लढाईच्या काळात मी एका फिरत्या नाटक मंडळीत पडदे रंगवत असे. माणूस कमी पडला की तोंडालाही रंग फासून एखाद्या सज्जनाचा खून करत असे. दिवाळी झाली, धान खळ्यावर आलं, की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि जत्रा, रात्री दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ नाहीतर नाटक. त्या दिवसांत आमचा मुक्काम तिरोड्याच्या रस्त्यावरच्या एका गावी, मालगुजारांच्या अंगणात असे. मालगुजार स्वभावानं इतके मऊ, की नाटकातला खलनायक मेला तरी त्यांचे डोळे भरून येत. शेती, गडीमाणसं, बैलांची खरेदी, सगळं सगुणाबाई बघत. उंच आणि रुंद बाई, हातांवर कोपरापर्यंत हिरवं गोंदण, आणि आवाज असा की आमची तालीम चालू असताना त्यांनी गड्याला हाक मारली, तर आमचा राजा सिंहासनावरून उठून उभा राही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते सकाळी. कोठाराशेजारी तनसीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, मोठा ढीग होता आणि त्याच्यासमोर बाई पाटावर बसून बोटानं दाताला तंबाखूचं गुडाखू चोळत होत्या. एवढं खुनशी दातवण मी कुणाला करताना पाहिलं नव्हतं. नीट पाहिलं तर ढिगातून एक मोठा काचेचा डोळा बाहेर बघत होता. मोटारीचा दिवा!

"काय पाहून राहिला गा पेंटर?" बाई म्हणाल्या.

"बाईजी, तनसीत मोटार?"

त्यांनी चूळ भरली, थुंकल्या, आणि म्हणाल्या, "लेक माई सासरी अडकली, अन् हे बसली माहेरी. रोज हिचं तोंड पाहूनच मी तोंड धुते. नाईतर राग कमी होते."

झालं होतं ते असं. रुखमा ही बाईंची एकुलती लेक. गोंदियाच्या पलीकडे, बैलगाडीनं सकाळी निघालं तर दुपारी पोचावं अशा गावी, सीतारामजी पाटलांच्या घरी तिला दिली. मालगुजारांनी हौसेनं जावयाला आंदणात मोटार कबूल केली. नवी मिळायला वेळ होता, म्हणून ती घेतली जंगलाचे ठेकेदार दौलतराव यांच्याकडून. दौलतराव गोंदियात बंगला बांधून राहत. प्रतापगडाकडच्या जंगलात लाकडाचे कूप, म्हणजे तोडीचे पट्टे, घेत, आरागाडीवर लाकूड चिरत, आणि आपली मोटार खिळखिळी झाली की ती एखाद्या भल्या माणसाच्या गळ्यात घालून दुसरी घेत. गोरेगोमटे, मिशीला मेण, आणि भाषा अर्धी हिंदी.

आता आमच्याकडच्या बैलबाजाराची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घेणारा माणूस बैलाभोवती फिरतो आणि त्याच्या खोडी चारचौघांत मोठ्यानं बोलून दाखवतो. हा मारका आहे, हा नांगराला बसतो, याचा खूर फाटलेला आहे. विकणाऱ्यानं तोवर तोंड उघडायचं नाही. खोडी संपल्या की मग भावाची गोष्ट. आणि चारचौघांत बोललेली खोड बोलणाऱ्याला मागे घेता येत नाही. घरातला प्रत्येक बैल सगुणाबाईंनी असा पारखून आणलेला. त्या सवयीनं त्या मोटारीभोवती फिरल्या, पदर खोचला, आणि पहिली खोड बोलायला तोंड उघडलं, तोच दौलतराव खदखदून हसले.

"बाईजी, ये बैल थोडी है! मोटारीचे दात मोजता का?"

सगळे हसले. भिडेपोटी मालगुजारही हसले. जन्मात पहिल्यांदा बाई खोड न बोलता मागे सरल्या. त्याच वेळी दौलतरावांचा ड्रायव्हर फागू मान खाजवत म्हणाला, "बाईजी, चढावर मात्र जरा..."

"फागू, चूप!" दौलतराव म्हणाले. फागू चूप झाला.

या फागूला नीट बघून ठेवा. काळा, किडकिडीत, नोकरीत जुना. मालकानं चूप म्हटलं की वर्षानुवर्षं चूप बसेल असा माणूस. त्याच्या पगाराला, जातीला, रूपाला कुणी काहीही म्हणो, त्याला राग येत नसे. फक्त त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं की त्याच्या जिभेचा ब्रेक सुटत असे.

लग्न झालं. झेंडूच्या माळा घातलेल्या मोटारीत नवरा-नवरी बसून वरात निघाली. गोंदिया मागे पडलं, सीतारामजींचं गाव दिसू लागलं, आणि गावाबाहेरच्या नाल्याच्या चढावर मोटारीच्या पोटात जातं फिरल्यासारखी घरघर झाली. मग काहीतरी तुटलं आणि मोटार उलटी नाल्याकडे सरकू लागली. पोट्ट्यांनी चाकाखाली दगड टाकले. वर काठावर अख्खं गाव वाजंत्री घेऊन उभं होतं. शेवटी बैल जुंपले आणि रुखमा सासरी पोचली ती बैलांनी ओढलेल्या मोटारीत, मान खाली घालून. गाव इतकं हसलं की वाजंत्री ऐकू येईना. वरमाईनं ओवाळायचं ताट खाली ठेवलं.

वरातीत दौलतरावही पाहुणे होते. सीतारामजींनी त्यांना मांडवात विचारलं. दौलतरावांनी हात वर केले. "माझ्या हातून गेली तेव्हा गाडी फुलासारखी होती, पाटील. मधल्या दिवसांत आतलं चांगलं सामान कुणी काढून घेतलं, मैं कैसे बताऊँ?" आणि त्यांनी मालगुजारांकडे पाहून मान हलवली. गरीब माणूस रडायला लागला, आणि रडणं म्हणजे कबुली असं सगळ्यांनी धरलं.

सीतारामजी वाईट माणूस नव्हते, पण मांडवात बोललेला शब्द त्यांना बैलाच्या खोडीसारखाच पक्का. ते म्हणाले, "ठेकेदारानं नाईतर ठेकेदाराच्या माणसानं चारचौघांत म्हणावं, का गाडी त्याच्याच घरून खोटी निघाली. त्या दिवशी सुनेले मी सोता माहेरी पाठवीन. तोवर नाई."

थोड्याच दिवसांत बैलांनी ओढत मोटार परत आणून अंगणात सोडली. मोटार माहेरी आली. लेक आली नाही. दिवाळीला नाही, पहिल्या बाळंतपणाला नाही. नातू झाला, रांगला, चालायला लागला. आजीनं त्याला पाहिलं नव्हतं.

बाईंनी आदळआपट केली नाही. उपास धरला नाही. मोटारीवर तनीस टाकायला लावली आणि म्हणाल्या, "त्यानं केलं ते त्याच्याच दारातून वदवीन." मग त्या मोटार शिकायला बसल्या.

शिकवणी कुठली लावली, तर आपल्याच विहिरीवर. विहीर सडकेला लागून. येणाजाणाऱ्या मोटारी आणि लॉऱ्या तापल्या की ड्रायव्हर डबा घेऊन पाणी मागायला यायचे. बाई पाटावर बसून म्हणायच्या, "पाणी घे बापा, खुशाल घे. पण पैले हे सांग, का गाडी धूर काऊन सोडते? काळा कधी, निळा कधी?" ड्रायव्हर सांगे, मग त्याला पाणी मिळे. चांगलं सांगितलं तर पोहे. कुणी टायरचं शिकवलं, कुणी स्प्रिंगचं. एका पंजाबी लॉरीवाल्यानं पोहे इतके आवडले म्हणून तनीस बाजूला करून मोटारीच्या गिअरबॉक्सचं झाकणच उघडून दाखवलं. आत तेलात भिजलेला लालसर लाकडाचा भुसा. मोडक्या दातांचे गिअर घरघर करतात, भुसा भरला की गप्प होतात, आणि गाडी विकून होईपर्यंत, नाहीतर पहिला चढ लागेपर्यंत, गप्प राहतात.

बाईंनी बोट बुडवून वर धरलं. तिथे मी होतो, म्हणून सांगतो, त्या हसल्या. मला ते हसू आवडलं नाही.

"मोटारीले दात असतात, पेंटर," त्या म्हणाल्या. "अन् मोडके असले त झाकता येतात."

लॉरीवाला भुसा काढायला निघाला, तर त्यांनी त्याचं मनगट धरलं. "खबरदार! एक कण काढू नको. झाकण लाव."

"अहो, पण पाटलांना दाखवा ना हा भुसा," मी म्हणालो.

"अन् तो इवाई म्हणंल, तुमीच भरला. भुशावर काय नाव लिहिलं आहे का ठेकेदाराचं?" इवाई म्हणजे व्याही. "भुशाले तोंड नाई गा. तोंड त्याच्याजवळ आहे. तेच उघडाले पाहिजे."

पण नुसतं वाट बघत बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दौलतराव मोटार विकायला काढतात असं कळलं, की बाई दमणी जुंपून घेणाऱ्याच्या दारी हजर. पडदे लावलेली ती बैलांची दमणी दिसली की दौलतरावांच्या मिशीचं मेण वितळायचं. तिरोड्यातल्या एका वकिलाच्या घरचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. सकाळची वेळ, वकील अजून आंघोळीला, दौलतराव मोटार घेऊन अंगणात उभे. बाई उतरल्या, सरळ जाऊन मोटारीच्या टपणावर, म्हणजे इंजिनाच्या झाकणावर, तळवा ठेवला.

"काय वो ठेकेदार, गरम आहे! वकीलसायेब उठाच्या आधी कोठं जाऊन आली?"

"बाईजी, सुबह की जरा हवा..."

"पाहुणे येण्याच्या आधीच पोटभर जेवून बसलेला नवरदेव आहे का हा? भुकेला किती खाते ते आमाले पाहू द्या. थंडी होऊ द्या तिले. तोवर तुमी आधी जेवून घ्या."

'आधी जेवून घ्या.' हे वाक्य पुढे आमच्या भागात फार भीतीचं झालं. कारण वकिलीणबाईंनी अंगण पहाटेच शेणानं सारवलेलं होतं आणि मोटार त्यावर उभी होती. दौलतरावांना पाटावर बसवलं, भात वाढला, वरण वाढलं, पुन्हा भात वाढला. उठून बाहेर येतात तो मोटार थंडगार. फागूनं हँडल मारून मारून सदरा ओला केला, तरी ती खोकलीसुद्धा नाही. मग ती ढकलून बाजूला केली आणि सारवलेल्या जमिनीवर बघतो तर तेलाची काळी रांगोळी. बाई वाकून एकेका थेंबाकडे बोट दाखवत मोठ्यानं वाचू लागल्या. हे इंजिनाचं, हे मागल्या आसाचं, अन् हे रेडेटरचं पाणी. वकिलांनी मोटार घेतली नाही. दौलतरावांना जेवण मात्र पचवावं लागलं.

मोटारीची कुळकथा बाई मोटारीला विचारतच नसत. सडकेवरच्या गावांना विचारत. कोहमाऱ्याच्या तिठ्यावर चहाची झोपडी होती, तिथल्या पोट्ट्यांना त्या चिवडा देत. ज्या पोरांनी मोटारीला धक्का मारलेला असतो ती पोरं तिचा नंबर कधी विसरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आणि एकदा तर कमाल झाली. दौलतरावांची एक झगझगीत निळी मोटार एका डॉक्टरला दाखवायला आली होती. बाईंनी दिव्याजवळ नाक नेलं, हुंगलं, आणि डॉक्टरांकडून चिमटा मागून घेतला. दिव्याच्या मागच्या फटीतून सुकलेला एवढासा झिंगा बाहेर काढला. मोटार बोदलकस्याच्या तलावाच्या पाळीवरून पाण्यात गेली होती, काढली, धुतली, रंगवली, पण दिव्याच्या मागे कोण धुतो! बाईंनी तो झिंगा दौलतरावांच्या गोऱ्या तळहातावर ठेवला आणि अदबीनं म्हणाल्या, "ठेकेदार, तुमची एक सवारी उतराची राहून गेली."

असं करत करत दौलतरावांच्या मोटारी विकेनाशा झाल्या. त्यांच्या बंगल्यामागे त्या ओळीनं उभ्या राहिल्या. बाईंना विचारलं, आता झालं ना समाधान? त्या म्हणाल्या, "हे त तोंडी लावणं आहे."

पोळ्याला मी एकदा चुकून त्यांच्या गावी होतो. बैल धुतले, शिंगं रंगवली, गळ्यात माळा घातल्या, पुरणपोळी चारली. मालगुजारांनी भीत भीत एक झेंडूची माळ मोटारीकडे नेली. बाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि बैलाच्या गळ्यात घातली. "हिनं अजून काम केलं नाई," त्या म्हणाल्या. मालगुजार आत गेले. मला त्या माणसाची फार दया आली. त्या दोघांत मोटारीबद्दल झालेलं मी ऐकलेलं तेवढंच बोलणं.

लढाई आली. नव्या मोटारी मिळेनात. दौलतरावांना लढाईच्या लाकडाचं मोठं काम मिळालं आणि जंगलात धावायला धड मोटार हवी झाली. बंगल्यामागे होत्या त्या बाईंनी विकू न दिलेल्या, आणि त्यांची लायकी काय ते दौलतरावांना ठाऊकच होतं. ते चोहीकडे मोटार शोधू लागले. ही बातमी विहिरीवर आली. त्या वर्षी आमची नाटक मंडळीही बंद पडायला आली होती. बाईंनी मला बोलावलं आणि मोटारीवरची तनीस काढायला लावली.

"पेंटर, हिले रंगव. अशी, का हिची मायसुद्धा ओळखणार नाई."

आयुष्यात एवढ्या आनंदानं मी कधी कुंचला धरला नाही. हिरवी मोटार डाळिंबी केली, कडेनं सोनेरी वेली काढल्या, दारांवर नाटक मंडळीचं नाव लिहिलं. टप फाटलेला होता, म्हणून जुना राजवाड्याचा पडदा कापून त्याचा टप शिवला. त्यामुळे मोटारीच्या डोक्यावर एक खांब, अर्धा चंद्र आणि राणीची डावी बाजू आली. बाईंनी इंजिन आणि चढावर तुटलेला मागचा दांडा दुरुस्त करवून घेतला, गिअरबॉक्सला मात्र हात लावू दिला नाही. मी नंबर पुसायला गेलो तर माझ्यावर ओरडल्या.

"नंबर तोच राहू दे. भुसा तोच राहू दे. आपल्याले खोटं काई कराचं नाई. त्याच्या विकलेल्या गाड्यांचे नंबर तो सोताच विसरून जाते. लक्षात ठेवले त झोप कशी येईल त्याले?"

"आणि भुसा त्याला सापडलाच नाही तर?"

"तो पैले तेथंच हात घालंल. तो सोता तेथंच भरते ना!"

विक्री ठरली सीतारामजींच्याच गावच्या मंडईत. मोटार बैलांनी गावाच्या वेशीपर्यंत ओढून नेली आणि तिथून पहिल्या गिअरात हळूहळू मिठाईच्या दुकानांपाशी आणून उभी केली. मी मोडीत निघालेल्या मंडळीचा मॅनेजर झालो होतो, दिवाणाचा काळा कोट आणि दुःखी चेहरा घालून. रीतीप्रमाणे विकणाऱ्यानं गप्प राहायचं. एवढं अवघड काम मला कोणत्याही नाटकात मिळालं नव्हतं. गर्दीच्या कडेला इतर बैलगाड्यांत मिसळून बाईंची दमणी उभी होती, पडदे ओढलेले. गावचे पाटील म्हणून सीतारामजी साक्षीला खुर्चीवर. आणि बायकांच्या घोळक्यात रुखमा, कडेवर तिचा पोरगा, हातात फिरकी. मी दमणीकडे पाहिलं. पडद्याच्या फटीत दोन डोळे होते. ते मोटारीकडे बघत नव्हते, दौलतरावांकडेही नव्हते. ते त्या फिरकीकडे बघत होते.

दौलतराव आले, मागे फागू. माझ्यातला नट उसळला आणि मी म्हणालो, "मालक, आधी जेवून घ्या."

ते दचकलेच. "ये किसने सिखाया तुमको?"

"रीत आहे मालक, पाहुण्याला विचारायची." दमणीतून जोरात खोकल्याचा आवाज आला. मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

दौलतरावांनी टपणावर तळवा ठेवला. ही युक्ती कुणाची ते तुम्हाला माहीत आहे. इंजिन थंड होतं. फागूनं हँडल मारलं, पहिल्याच फेऱ्याला सुरू झालं. दौलतरावांच्या डोळ्यांत लोभ चमकला, म्हणजे आता भाव पाडायचा, म्हणजे आता खोडी! त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि मंडईला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं. टायर गेलेले. स्प्रिंग बसलेली. टपावर अर्धी बाई, उरलेली कुठं गेली? लोक हसले. हसणं ऐकलं की दौलतरावांना आणखी जोर चढे. सीतारामजीही हसले. मग मोटार सपाटीवर जरा पुढे नेऊन पाहिली, आणि दौलतराव थबकले. डोकं वाकडं करून ऐकू लागले.

"इतकी म्हातारी गाडी, अन् गेर इतका चूप? क्यों? फागू, झाकण खोल!"

फागू आत वाकला. बोल्ट ढिले केले, झाकण उचललं, आणि थाळीत तेलकट लाल लगदा काढून वर धरला. दौलतरावांनी चिमूट उचलली, चोळली, हुंगली.

"भुसा!" ते गरजले. "पाहा मंडळी, भुसा! अन् कोणता? बिज्याच्या लाकडाचा! लाकडात माझा जन्म गेला. हा प्रतापगडाकडचा बिजा आहे, मी शपथेवर सांगतो. ज्यानं ही गाडी पहिल्यांदा विकली तो चोर आहे. अशा माणसाले मंडईत आणून जोडे मारले पाहिजे. क्यों पाटील?"

"पापच आहे ते," सीतारामजी म्हणाले.

"अरे, कुणी भल्या माणसानं लेकीच्या लग्नात घेतली असती त? भर वाटेत इज्जत गेली असती!"

त्या शब्दावर सीतारामजींचं हसू मावळलं. ते खुर्चीवरून पुढे झुकले आणि डाळिंबी रंगाखालची ती मोटार नीट बघू लागले. पण दौलतरावांना आता कोण थांबवणार? अजून थोडा भाव उतरवायचा होता. त्यांनी थाळी माझ्या नाकापुढे धरली.

"अन् चोरी करायची त नीट करायची! हा पाहा, गाठीच गाठी. भुसा चाळलासुद्धा नाही. भरणारा कोणी गाढव ड्रायव्हर असंल, ज्याले काम येत नाही."

मी फागूकडे पाहिलं. त्यानं मोटार केव्हाच ओळखली होती. पहिला बोल्ट हातात आला तेव्हाच. चूप म्हणून सांगितलेलं होतं, म्हणून तो चूप होता आणि जन्मभर राहिलाही असता. पण आता त्यानं धोतराला हात पुसले आणि तोंड उघडलं.

तो काय बोलला ते सांगण्याआधी नंतरचं उरकून घेतो, कारण त्या वाक्यानंतर बोलण्यासारखं काही उरत नाही. मंडई असं काही हसली की बाजारातले बैल दावी तोडून पळाले. दौलतराव फागूच्या मागे धावले, पण पायाखाली त्यांचाच भुसा सांडला होता. सीतारामजी उठले. बायकांच्या घोळक्यात गेले, रुखमाला आणि नातवाला पुढे घातलं, दमणीपाशी आले आणि पागोटं काढून हात जोडून उभे राहिले. पडदा उघडला. बाई म्हणाल्या, "इवाई, आधी जेवून घ्या." बिचारे किती घाबरले!

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मोटार बैलांना जुंपली होती, वरातीत होती तशीच. आत रुखमा, मान वर करून. नातू रबरी भोंगा दाबत होता आणि कुणी त्याला थांबवत नव्हतं. पुढे मालगुजार कासरा धरून चालत होते आणि त्यांनीच, न विचारता, मोटारीला झेंडूची माळ घातली होती. बाईंनी माळेकडे पाहिलं आणि ती तशीच राहू दिली. जवळची वाट सोडून त्यांनी बैल गोंदियातल्या लांबच्या रस्त्याला वळवायला सांगितले, दौलतरावांच्या बंगल्यावरून. बंगल्याची सगळी दारं बंद होती. फाटकासमोर बाईंनी बैल सोडायला लावले, पाणी पाजायला म्हणून. बैलांना तहान नव्हती. तरी बाई बैलांची तहान भागेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून, आणि नातू भोंगा वाजवत राहिला.

तर, मंडईत, चारचौघांत, सीतारामजी पाटलांच्या समोर फागू ओरडला ते हे:

"मालक, बिनचाळलेला काऊन म्हणता? मालकीणबाईच्या लुगड्यातून चाळला होता भुसा, अन् लुगड्याचं दुसरं टोक धरून तुमीच त उभे होते!"